कापूर न जाळणारा भगत

"व्हय म्हाराजा!"

पन्नास गळ्यांतून आरोळी उठली आणि घाटीवरच्या आंब्यातले कावळे उडाले. गाऱ्हाणं चाललं होतं एका मोटारीसाठी. राजापूरहून रत्नागिरीला जाताना महिपतची एकोणीसशे सतरा सालची मोटार याच चढावर महिनाभर रोज बंद पडायची, आणि बाबल्या भगतानं घाटीच्या रखवालदार देवाला साकडं घातलं की रोज सुरू व्हायची. रोजच्या रोज चमत्कार म्हटल्यावर तीन वाड्यांनी कामधंदा सोडला होता.

"बा देवा म्हाराजा, ह्या लोखंडी घोड्याच्या तोंडात तुजा लगाम अडाकला आसंल..."

"व्हय म्हाराजा!"

"...तर तो सोडव, नि लेकराची वाट मोकळी कर!"

"व्हय म्हाराजा!"

विधी ठरलेला. आधी बाबल्या झाकणाखाली हात घालून इंजिनाला अंगारा लावी. मग पाव तास गाऱ्हाणं. तोवर हँडलाला कुणी शिवायचं नाही, अशी देवाची सक्त ताकीद. मग नारळ, पुन्हा अंगारा, आणि हँडल मारलं की मोटार खोकत जागी होई.

गर्दीत मुसा मिस्त्री मान खाली घालून उभा होता. हे इंजिन त्यानंच रत्नागिरीत सगळं सुटं करून पुन्हा जुळवलं होतं. नुसत्या कानानं कार्बोरेटर लावणारा मिस्त्री, असा त्याचा लौकिक. मोटार घाटीत अडते हे ऐकून त्यानं आपलं काम मनात पुन्हा तपासलं होतं. पण ती देव अडवतो हे ऐकल्यावर, खरं सांगायचं तर, त्याला हायसं वाटलं. खापर देवाच्या माथी फुटलं की मिस्त्रीचं डोकं शाबूत!

आज मात्र मोटारीत महिपतची बायको काशी होती, कळा सुरू झालेली. पहिलं मूल घरीच दगावलं, म्हणून डॉक्टरनं या खेपेला इस्पितळात आणायला बजावलं होतं. वाटेत हाताशी असावा म्हणून महिपतनं मुसालाही सोबत घेतलं होतं. मोटार अडताच घाबऱ्या महिपतनं हँडल फिरवफिरव फिरवलं होतं, आणि पेट्रोलचा वास दरवळत होता.

गाऱ्हाणं संपलं तरी तो वास जाईना. बाबल्यानं नाक वर केलं. "आज आवस. देव तासभर बोलायचा न्हाय."

"मग कापूर लावा, भगतानू," एक म्हातारी पुढं झाली.

बाबल्या टुणकन उडाला. "आग नको! ह्या देवाला आगीचं वावडं!"

मुसाचे कान टवकारले. कापराचं वावडं असलेला देव त्यानं उभ्या किनाऱ्यावर पाहिला नव्हता. "बाबल्या, मुंबईत होतास तेव्हा तू काय करायचास रे?"

"मोटारीवर किलीनर व्हता की त्यो!" म्हातारीनंच सांगून टाकलं.

मुसानं झाकण उघडलं. पेट्रोलची तोटी बंद होती, आणि तिच्यावर अंगाऱ्याची दोन बोटं उमटली होती.

"हा बघा देव! इंजिनात पेट्रोल जास्त झालं की ते गुदमरतं. तोटी बंद करून थांबलं की जास्तीचं उडून जातं. मग तोटी उघडा, हँडल मारा. मधल्या वेळात गाऱ्हाणं घाला नाहीतर पावकीचे पाढे म्हणा."

"मंग बंद कोन पाडतंय?" बाबल्या उसळला. "तुज्या हातची मोटार हितंच का मरते?"

सगळे मुसाकडं वळले. काशी आतून कण्हली. "मिस्त्री, खरं काय ता सांगा. माजा जीव टांगणीला लागलाय."

मुसा काशीकडं वळला. "चूक माझी, वैनी. कार्बोरेटर मी बंदराच्या सपाटीवर लावला. त्याच्या वाटीत पेट्रोल जरा जास्त चढतं. चढावर मोटारीचं तोंड वर झालं की ते सांडतं. पंधरा दिवसांमागंच मला संशय आला होता. नाव जाईल म्हणून बोललो नाही."

एवढं बोलून त्यानं हत्यारं काढली. वाटीचं झाकण खोललं, पेट्रोल कमी चढावं म्हणून आतली पितळी दांडी तांदळाच्या दाण्याएवढी वाकवली, सांडलेलं पुसलं. थोडं थांबून महिपतनं हँडल मारलं. मुसानं कान लावून स्क्रू पाव फेरा फिरवला, आणि इंजिनाची धाप थांबली. सगळ्याला अर्धा तासही लागला नाही.

मोटार चढू लागली. बाबल्या हातात नारळ घेऊन तसाच उभा.

"बाबल्या, तो नारळ टाक हिकडं!" काशी ओरडली. "बाळंतिणीला खोबरं लागंल!"

तिला मुलगी झाली, ठणठणीत. मुसाचं नावही गेलं नाही. उलट आता प्रत्येक मोटार तो या चढावर आणून तपासतो. पण महिनाभर होकार भरणाऱ्या पन्नासांतल्या एकानंही ते झाकण उचलून पाहिलं नव्हतं. तेव्हा मंडळी, काही अडलं तर आधी झाकण उघडा. आपली चूक असेल तर ती सांगून टाका. देवाला हाक मारायला मागून वेळ भरपूर असतो. काशीकडं मात्र वेळ नव्हता.