भेटीच्या खोलीतला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बागेतला नव्हे हं, एवढं कुठलं माझं नशीब! मी मनोरुग्णालयाच्या भेटीच्या खोलीत असतो. माणसं इथे येतात, आधी रडतात, मग डबा उघडतात. मी दोन्ही सोसतो.

एक शिंपीकाका दर रविवारी लेकीला भेटायला यायचे. तिला नसलेले आवाज ऐकू यायचे, त्यामुळे चटकन कुणावर तिचा विश्वास बसत नसे. आल्या आल्या ती विचारायची, "बाबा, तुम्ही खरे ना?" काका सुईने खरखरीत झालेलं बोट पुढे करायचे. ती ते चाचपून बघायची आणि मगच शेजारी टेकायची. मग मात्र बापलेकीच्या गप्पांना ऊत यायचा.

पुढे साथ आली आणि भेटी बंद झाल्या. मला भिंतीला लावून अंगावर लाल पट्टी चिकटवली. साथ जीवघेणी होती, जपायला हवंच होतं. पण भाजीवाला आत येत होता, रंगारी येत होते, साहेबांची पाहणीसुद्धा झाली. बाप तेवढा फाटकाबाहेर! मास्क लावतो, तपासणी करून घेतो, अंगणातच उभा राहतो, पण एकदा तिला माझा हात धरू द्या, म्हणून काका गयावया करायचे. वॉचमन बिचारा हुकमाचा ताबेदार. तो मान खाली घालायचा.

शेवटी फोनवर बोलायची सोय झाली. सिस्टरने मायेनेच फोन तिच्यासमोर धरला. जिला आवाजांनीच छळलं, तिच्यापुढे आणखी एक आवाज! तिने कान झाकून घेतले. त्या दिवसापासून तिचं जेवणही तुटलं.

वर्ष उलटल्यावर दार उघडलं. काका धावतच आले. लेक माझ्या दुसऱ्या टोकाला बसली. तिने काहीच विचारलं नाही, तेव्हा काकांनी आपणहून बोट पुढे केलं. तिने हात मागे घेतला.

"माझे बाबा असते, तर केव्हाच आले असते," ती शांतपणे म्हणाली.

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. उद्या तुम्ही मोठे व्हाल, नियम कराल. जरूर करा. पण कुणाचं येणं थांबवण्याआधी, आत वाट बघणाऱ्याला ते कसं कळेल, एवढं विचारात घ्या. काका दर रविवारी फाटकाशी उभे असायचे, हे सिस्टरने तिला कितीदा तरी सांगितलं. तिला तोही एक आवाजच वाटतो.