खपलेले मोजे

मित्रांनो, मी मोजे विणणारे एक जुने यंत्र आहे. तरुणपणी माझी ऐट काही विचारू नका! माझा मोजा घरातल्या थोरल्याने वापरून धाकट्याकडे यायचा, तरी टाच शाबूत असायची. मला चालवणाऱ्या बाईंना सगळा कारखाना मावशी म्हणे. त्या माझ्या एकेका सुईला जिवापाड जपायच्या.

पुढे परदेशी मोजे स्वस्तात येऊ लागले आणि कारखान्याला कुलूप लागले. माझी दुरुस्ती करणारे मिस्त्री परगावी लेकीकडे निघून गेले. मावशी एका दवाखान्यात झाडलोट करू लागल्या. मी ताडपत्रीखाली गंजत पडले.

मग सरकारने बाहेरच्या मोज्यांवर जबर कर बसवला. दुकानात त्यांचे भाव कडाडले. मालकांनी ताडपत्री ओढली आणि म्हणाले, "आता आपले दिवस आले!" मावशी हातचे काम सोडून धावत आल्या. मला तर आभाळ ठेंगणे झाले.

पण माझ्या सुया पार झिजल्या होत्या. त्याही परदेशातूनच यायच्या आणि करामुळे महागल्या होत्या. "चालतंय तोवर चालू दे," मालक म्हणाले. मी टाके सोडू लागले. तरीही माल हातोहात खपत होता. मला वाटले, लोक मला विसरले नाहीत.

एका सकाळी मावशींनी मालकांपुढे एक मोजा धरला. अंगठ्याशी भलेमोठे भोक.

"नातीला आपलेच नेले होते. दोनदा घातले नि अंगठा बाहेर. वर्गात पोरी हसल्या. घरी येऊन मला विचारते, आजी, तू असलं काम करतेस?"

मालकांनी मानही वर केली नाही. "लोक घेतात ना? बाहेरचे परवडत नाहीत. जातील कुठे?"

मित्रांनो, त्या क्षणी मी फिरत होते, आणि मला थांबताही येत नव्हते. म्हणजे लोक प्रेमाने येत नव्हते तर! त्यांची दुसरी वाटच बंद झाली होती.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मालक, जरा बूट काढा बघू."

सगळे हात थांबले. मालकांनी आढेवेढे घेतले, मग एक बूट काढला. आत परदेशी मोजा होता. मऊ, एकसारख्या विणीचा. कोणीही हसले नाही. मालकांचे कान लालबुंद झाले.

मावशींनी माझे बटण बंद केले. "नव्या सुया येईपर्यंत मी याला हात लावणार नाही."

मालकांनी मिस्त्रींना फोन केला. "येतो," मिस्त्री म्हणाले, "पण शिकणारं कुणीतरी उभं करा. मी किती दिवस पुरणार?" सुया आल्या. आता मालकांची सून हात काळे करून माझी दुरुस्ती शिकते आहे. अजूनही माझा टाका सुटतो, पण तसला मोजा दुकानात जात नाही.

मित्रांनो, करामुळे माझे कुलूप निघाले, हे मी नाकारत नाही. पण विणायला सुया लागतात, आणि हात शिकवावे लागतात. माझा मोजा कीव करून घेऊ नका, नाइलाजाने तर मुळीच नको. उलटा करून बघा, ताणून बघा. खराब निघाला तर खुशाल परत पाठवा. तेवढी लाज मी सोसेन.