खांद्याची साक्ष

“तळवा वर करा, बाई,” डॉक्टर म्हणाले.

गोजरने जोर लावला. डावा हात पोटाशी चिकटलेला. तळवा काही उताणा होईना.

“राबाच्या पाल्याचा भारा घसरला ना डोक्यावरून,” हिराबाईंनीच सांगून टाकलं. “तीन आठवडं झालं. मुरबाडला फोटो काढला, तर म्हंतात हाड जाग्यावर हाय. मग गावच्या वाळू वैदूनं तेल लावून दोनदा ओढला. आमची विहीणबाय सोशीक, रडली पन नाय!”

विहीण अजून व्हायची होती. गोजरच्या रेश्माचं हिराबाईंच्या मनोजशी वैशाखात लग्न ठरलं होतं. वैशाखरे गावची बाई कल्याणच्या इस्पितळात एकटी कशी जाईल, म्हणून त्या आपण होऊन सापगावहून आल्या होत्या.

डॉक्टरांनी हात जमेल तेवढा बाजूला धरवून काखेतून फोटो काढायला लावला. तो त्यांनी उजेडाला धरून पाहिला.

“समोरून सगळं ठीक दिसतं. पण खांद्याचा गोळा मागे सरकून अडकलाय. असं फार क्वचित होतं. ऑपरेशन करूनच बसवावा लागेल.” मग त्यांनी गोजरकडे रोखून पाहिलं. “भाऱ्याने सहसा असं होत नाही. विजेचा झटका बसला होता? की फिट येते?”

“फिट?” हिराबाई हसल्या. “सायब, रोज डोंगर चढनारी बाय ही!”

 दोन वर्षं गोजरने झाकलं होतं. दर वेळी रेश्मा दाराला कडी घाली आणि आईला कुशीवर वळवी. त्या काळी आमच्याकडे फेफऱ्याच्या घरातली पोर कुणी करत नसे.

विजेचं म्हणावं. शब्द ओठांवर आलाही.

“खरं सांगा,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या नाही घेतल्या तर पुढच्या फिटला बसवलेला खांदा पुन्हा निखळेल. मग हात गेलाच.”

भाताची आवणी, जातं, पाणी, सगळं त्या हातावर होतं. हिराबाईंचा हात तिच्या पाठीवर होता.

“फिट येते,” गोजर म्हणाली. “दोन वर्सं झाली. रेश्माला नाय, सायब. तिला कदीच नाय.”

पाठीवरचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग निघाला.

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली तेव्हा खांदा पट्ट्यांनी जखडलेला होता. उशाशी रेश्मा होती.

“त्या?”

“तुला भायेर आनीस्तोवर बसल्या व्हत्या. मग गेल्या.”

“काय बोलल्या?”

“मनोजला दुसरीकडं बघतो म्हनाल्या. तुला जप म्हनाल्या.”

“माझ्यापायी गो, पोरी...”

“आदी गिळ, आये.”

रेश्माने गोळी आईच्या जिभेवर ठेवली, आणि भरल्या वॉर्डात सगळ्यांदेखत पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावून उभी राहिली.