डावी सीट

ओमप्रकाशनं पाय उचलून सीटवरच मांडी घालायचा प्रयत्न केला, पण गाडी इतकी बुटकी की गुडघे डॅशबोर्डला अडकले. पाय पुन्हा खाली ठेवणं भाग होतं. बुटातूनसुद्धा चटका बसत होता.

"तानबाभाऊ, थांबवा जरा."

"अजून थोडं जाऊ द्या, शेटजी. क्लच बसन आता," स्टीअरिंगवरचा तानबा मिस्त्री म्हणाला.

आर्वी रोडच्या वळणावर क्लच खरंच बसला. पेडल विरोध न करता तळाला गेलं आणि गिअर करकरला. तानबा खूश झाला. गाडीचं दुखणं डोळ्यांसमोर उभं राहिलं की त्याला असा आनंद व्हायचा. त्यानं गाडी कडुनिंबाखाली घेतली.

"तापली की बसते, थंड झाली की उठते. मंग प्लेट खराब नाई. प्लेट खराब असती तं सकाळच्या गारव्यातई तरास दिला असता. तुमी फुकट बदलली थे. क्लचचं तेल उकळून राह्यलं कुठीतरी."

ओमप्रकाशचं लक्ष नव्हतं. हिंगणघाटात त्याचं सरकी-ढेपेचं दुकान होतं आणि ही लाल, दोन सीटांची, साठ वर्षं जुनी विलायती स्पोर्ट्स कार म्हणजे त्याचा जीव की प्राण. स्टीअरिंग त्यानं कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. आज मिस्त्रीनं हट्टच धरला, म्हणून तो स्वतःच्या गाडीत पहिल्यांदा डावीकडे बसला होता.

त्यानं पायाखालची चटई उचलली. तिच्याखाली पोत्याची जाड घडी होती, वरून हिरव्या साडीचा तुकडा शिवलेला. एका बाजूनं ती करपलेल्या पोळीसारखी झाली होती. साडी त्यानं ओळखली. पौर्णिमाची, त्याच्या बायकोची. ही घडी तिनं कधी शिवली आणि कधी इथं आणून ठेवली, याचा त्याला पत्ताच नव्हता.

वर्ध्यातल्या आपल्या गॅरेजवर आल्यावर तानबानं बोनेट उघडलं. विलायतेतल्या थंडीसाठी दिलेला हीटर चुकून उघडा राहिला असेल, असं आधी त्याला वाटलं. पण हीटरचा कॉक घट्ट बंद होता.

"चालू केल्याबरोबर तापते, का गाडी हळू झाल्यावर? आन् कवापासून?"

ओमप्रकाशला यातलं काहीच सांगता येईना.

"त्या सीटवर कोन बसते?"

"घरचे."

"मंग त्यायलेच इचारा ना. फोन लावा."

ओमप्रकाशनं फोन काढला, पण लावेना. मागच्या वर्षी नागपूरला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात पौर्णिमा चारचौघांत म्हणाली होती, फार पाय भाजतात हो या गाडीत. आणि हा पठ्ठ्या लगेच म्हणाला होता, "गाडी नाई तापत, हिचं वय तापून राह्यलं. पंखा घेऊन देतो हिले!" काय हशा पिकला होता! सोबत गेलेला तानबाही हातातल्या फडक्यात तोंड लपवून हसला होता. त्यानंतर पौर्णिमानं तो विषय काढला नाही. संक्रांतीपासून तर ती गाडीतच बसली नव्हती. रविवारच्या मेळाव्याचं विचारलं, तर "तुमी जाऊन या" एवढंच. रुसली असेल, असं त्यानं धरून ठेवलं होतं. तिच्यावाचून एकट्यानं मेळाव्याला जायचं या कल्पनेनंच त्याला आठवडाभर करमत नव्हतं.

शेवटी त्यानं फोन लावला. तानबाचे हात तेलाचे, म्हणून स्पीकरवर ठेवला आणि त्याचे प्रश्न तिला विचारले.

"सुरुवातीले नाई तापत," पौर्णिमा म्हणाली. "गाव आलं, गाडी हळू झाली, की उजव्या पायाकडून झळ येते. मंग थोड्या वेळानं तुमचा क्लच बसते. तुमी नवा सायलेन्सर बसवला ना, तवापासून."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर ओमप्रकाशला बरं वाटलं असतं.

तानबा गाडीखाली शिरला आणि लगेच त्याचा "हां!" ऐकू आला. आवाज दमदार यावा म्हणून ओमप्रकाशनं हौसेनं जाड सायलेन्सर बसवून घेतला होता. तो मावेना, तेव्हा मधला पत्रा यानंच काढून टाकायला लावला होता. धग अडवण्यासाठीच तो पत्रा होता. आता सगळी धग सरळ डाव्या सीटपुढच्या तळाला आणि शेजारून जाणाऱ्या क्लचच्या नळीला लागत होती.

क्लचनं जरा कुरकुर केली, की तो हिंगणघाटहून वर्ध्याला धावत यायचा. ओमप्रकाशला इतकी लाज वाटली, की गाडीखालच्या माणसाकडेही त्याला बघवेना.

"तवा आपुनई हासलो होतो, शेटजी," गाडीखालून तानबा हळूच म्हणाला.

नवा पत्रा बसला, नळी धगीपासून लांब गेली. घरी आल्यावर ओमप्रकाश स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला.

"गाडीतच होतं थे. सायलेन्सरचं."

"हो का," पौर्णिमा भाजी चिरता चिरता म्हणाली.

त्याला माफी मागायची होती. त्याऐवजी तो म्हणाला, "रविवारी येशीन का?"

ती आली. बसण्याआधी तिनं चटईवर पोत्याची घडी नीट पसरली आणि बसल्यावर टाचा उचलून तिच्यावर नुसते चवडे टेकवले. नागपूर येईपर्यंत ती तशीच बसली. आत गार होतं, क्लच लोण्यासारखा चालत होता. एरवी त्यानं क्लचचं कौतुक दहादा ऐकवलं असतं. आज तो चोरून तिच्या उचललेल्या टाचांकडे बघत होता.

मैदानावर गाडी थांबते न थांबते तोच जुना दोस्त रामाजी चारपाच जणांना घेऊन पुढं आला.

"काय वहिनी, औंदा पंखा नाई आणला?"

सगळे हसले. पौर्णिमाही हसली, अगदी मागच्या वर्षीसारखंच. तेव्हा त्याला वाटलं होतं, हिलाही मजा आली.

"पंखा नव्हता लागत, रामाजी," ओमप्रकाश गाडीतून उतरत म्हणाला. "आवाजाच्या हौसेपायी मीनंच पत्रा काढून फेकला. इतके दिवस हिचे पाय भाजले, आन् वरून मी तुमच्यासमोर हिलेच हासलो."

मग रामाजीनं बोनेटवर जोरात थाप मारली.

"वा, शेटजी! दरसाली नवा जोक!"

पुन्हा हशा उसळला, मागच्यापेक्षा मोठा. "जोक नाई, अरे," ओमप्रकाश म्हणाला, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. काहीही बोलून लोकांना हसवणारा माणूस म्हणून त्याची ख्याती होती, आणि ती त्यानंच कमावली होती. लाल झालेल्या कानांनी तो तसाच उभा राहिला.

पौर्णिमा मात्र या खेपेला हसली नाही. सीटवर बसूनच ती वाकली, पायांखालची घडी ओढून काढली, झटकली आणि सीटमागं टाकून दिली. मग तिनं दोन्ही पाय टाचांसकट खाली टेकवले.