फौजीसाबांच्या नावाचा पूल

रामराव गुत्तेदार पेढ्यांचा पुडा घेऊन शहरात मस्तगडच्या घरी आला, तेव्हाच मदीहाने ठरवलं की या माणसाला नाही म्हणायचं नाही.

"धावड्याच्या नाल्यावरचा नवा पूल झाला, ताई," तो खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाला. "त्याला फौजीसाबांचं नाव देऊन राह्यलो. रविवारी उद्घाटन. फीत तुमच्या हातानं."

फौजीसाब म्हणजे मदीहाचे अब्बा, फकरोद्दीन. उमेदीची वर्षं त्यांनी फौजेत इंजिनिअर म्हणून सरहद्दीवर पूल बांधण्यात घालवली. निवृत्त होऊन धावड्याला परतले, तर शाळेच्या खोल्या, पाण्याची टाकी, धनगरवाडीचा छोटा पूल, सगळं स्वतः उन्हात उभं राहून गावाला करून दिलं. नव्या पुलाचं काम रामरावकडे गेलं, तेव्हाही ते काठावर जाऊन सांगत राहिले: वाळूत माती आहे, लोखंड कमी आहे. रामरावने भर ग्रामसभेत माईक हातात घेतला. "फौजीसाबाच्या डोक्याजवळ लढाईत गोळा फुटल्ता. त्यान्ला अजून सगळीकडं पडझडच दिसून राह्यली." सभा पोट धरून हसली. त्यानंतर अब्बांनी नाल्याची वाट सोडली, मग घराबाहेर पडणंच सोडलं. थंडीत ते वारले.

आता त्याच पुलावर त्यांचं नाव लागलं की कुणी तोंड उघडणार नव्हतं. उद्या पूल खचला, तर फौजीसाबांचा पूल खचला असंच लोक म्हणणार होते.

"येईन," मदीहा म्हणाली. "फक्त अब्बांच्या रिवाजाने करायचं."

"बिलकुल! बराबर!" रिवाज कोणता, हे रामरावने विचारलंही नाही.

तो गेल्यावर तिची आई सलमा म्हणाली, "मरे सो आदमी का नाम ले रहे, लेने दे बेटा. झगडा नक्को."

"झगडा नहीं करती, अम्मी."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच धावड्याला, पुलाखाली जाऊन आली. कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची. हातोडीने खांब वाजवून ऐकायला मात्र अब्बांनी शिकवलं होतं. आवाज पोकळ होता. तिने मापं घेतली, घरी हिशेब मांडला. रिकाम्या ट्रॅक्टरने या पुलाला काही होणार नव्हतं; भरलेल्या ट्रॉल्या आणि एखादा मोठा पूर मात्र त्याला सोसला नसता. हे तिला माहीत होतं. रामरावला फक्त आपण आत काय घातलंय तेवढं माहीत होतं.

रविवारी मांडव भरला. फोटोला हार पडला. रामराव "फौजीसाब मला बापाच्या जागी" म्हणत डोळे पुसून खाली बसला. मदीहाने माईक घेतला.

"धनगरवाडीच्या पुलावरून पहिली भरलेली ट्रॉली गेली, तेव्हा अब्बा कुठे होते, आठवतं का कुणाला?"

"खाली!" धनगरवाडीची जयवंताबाई बसल्या जागेवरून ओरडली. "पुलाखाली उभं राहून चहा पिऊ राह्यले! म्या म्हन्लं, साब, बाहेर या. तर म्हने, ज्यानं बांधला त्यानं खाली उभं राह्यचं, आमच्या पलटणीचा रिवाज हाय."

"आज तोच रिवाज पाळू," मदीहा म्हणाली. "जयवंतामावशींचा बिरू ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन तयार आहे. रामरावदादा, खाली चला."

टाळ्या पडल्या. रामराव कसनुसा हसला. "गुडघे धरलेत हो ताई."

"दोघं उचलून नेतो की, दादा!" मागून कुणीतरी म्हणालं.

"ट्रॉलीत काय हाय रे बिरू?" रामरावने विचारलं.

"दगडं."

"दगडं न्हाई!" मग सगळे बघतायत हे ध्यानात येऊन तो हळू म्हणाला, "म्हंजे, नवा पूल, उगं खराब व्हईल."

"बरं, ट्रॉली सोडू. नुसता ट्रॅक्टर," मदीहा म्हणाली.

आता सबब उरली नाही. रामराव धोतर वर खोचून पाण्यात उतरला. मदीहा त्याचा चेहरा दिसेल अशी काठावर उभी राहिली. पुढची चाकं पुलावर चढली, थोडी रेती त्याच्या टोपीवर सांडली. ट्रॅक्टर मधोमध आला आणि, तिने सांगून ठेवल्याप्रमाणे, तिथंच थांबला. इंजिन धडधडत राहिलं.

"ए बिऱ्या, हाक ना!"

"अब्बा चहा संपेपर्यंत थांबले होते," ती म्हणाली. "या खांबात लोखंड किती आहे, दादा?"

रामरावने वर पाहिलं. पुन्हा रेती सांडली. तो पळत सुटला, शेवाळावर घसरून पाण्यात आडवा झाला आणि हातापायांवर रांगत काठावर आला.

"रिकाम्या ट्रॅक्टरला पळाला की गं माय!" जयवंताबाई म्हणाली. मग मांडव हसला. मोठ्यानं, बराच वेळ.

बिरूने ट्रॅक्टर मागे घेतला, ट्रॉली जोडली आणि सगळे दगड पुलाच्या तोंडाशी ओतून वाट बंद केली. पाटी रंगवणारा सुग्रीव डबा घेऊन उभाच होता. मदीहाने त्याला अब्बांचं नाव पुसायला लावलं. "आता बांधणाऱ्याचं लिही."

"माझं नका लावू, ताई," रामराव ओल्या कपड्यांत हात जोडून म्हणाला. "उद्या कायी झालं म्हंजे..."

मदीहाने माईक त्याच्या तोंडापुढे धरला. "काय होईल? सांगा गावाला."

तो माईक चुकवून मागे सरकला. सुग्रीवने रामरावचं नाव लिहायला घेतलं. मदीहाला वाटलं होतं, एवढ्याने मन निवेल. निवलं नाही. ट्रॅक्टर पुलावर येण्याआधी याला अजून थोडा वेळ खाली उभा ठेवायला हवा होता, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.