दंडावरचा नंबर

लातूरच्या दाळ बाजारामागच्या गल्लीत रोज पहाटे पाचला एका दाराची कडी वाजायची आणि शेजारच्या तीन घरांचे कान टवकारायचे. पार्वतम्मा सायकल घेऊन निघायच्या. वय सत्तावन्न, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. विधवा बाई पहाटे कुठे जाते याची काळजी तिच्यापेक्षा गल्लीलाच जास्त!

त्या काही लपवत नव्हत्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. मग सायकल आली, मग धावणं. आता तिन्ही एका दमात करायच्या ट्रायथलॉन स्पर्धांना त्या जायच्या आणि पोहण्याच्या तलावावर बायकांना शिकवायच्या. घरी हे सगळं सांगून झालं होतं. घरच्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की तिथला जीवरक्षक शेषेराव हा पुरुष आहे.

सोमवारी कपडे वाळत घालताना सून मंजुश्रीला सासूच्या दंडावर काळ्या शाईत २१४ लिहिलेलं दिसलं. ती तडक नवऱ्याकडे गेली.

"अहो, आत्याबाईंच्या दंडावर कसला तरी नंबर हाय. घासून बी जाईना. रविवारी आपल्या सुकन्याला बघाया उदगीरचे पाव्हणे यायलेत. त्यांच्या नजरंस पडलं तर?"

रविकिरणने आईला विचारलं नाही. विचारणं अगदी सोपं होतं. त्याऐवजी तीन दिवस तो पहाटे स्कूटर लांब उभी करून आईच्या मागावर गेला. तलावाच्या कुंपणाआडून त्याला दिसल्या त्या कमरेइतक्या पाण्यात कुडकुडणाऱ्या नऊ बायका आणि ऐकू आला तो आईचा खणखणीत आवाज.

"तोंड पाण्यात घाल की गं रेणुका! पाणी काय तुझी सासू हाय, एवढं भ्यायला?"

शेषेराव बिचारा खुर्चीत बसून चहा पीत होता. तिसऱ्या दिवशी पार्वतम्मा ओल्या केसांनी सरळ कुंपणापाशी आल्या.

"तीन दिस झाले, बघायले मी. घावला का कुणी?"

रविकिरणची मान खाली गेली. "अव्वा, त्यो नंबर..."

"गेल्या रविवारी नांदेडला शर्यत व्हती. पाण्यात कुणी बुडालं तर कोण ते कळावं म्हणून आधीच लिहितेत. इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"माझा भरवसा हाय गं. पण लोकांना कोण सांगावं? सुकन्याचं जमूस्तवर सोड की हे."

"सोडणार न्हाई. लोकांना तू सांग. सगळं तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना?"

रविवारी पाहुणे आले. हे लिंगायत घर. बाई असो की पुरुष, इष्टलिंग सगळ्यांच्या गळ्यात सारखंच. तरी विधवा आजीला आतल्या खोलीत बसवलं होतं. एकोणीस वर्षांची सुकन्या पोहे देऊन बसली आणि मुलाचे काका चंद्रप्पा मिशीत हसले.

"आजी पहाटं कुठं जातेत म्हणं? गल्लीत इचारलं, तर लोक कायबाय बोलायलेत."

आता एक वाक्य पुरेसं होतं. रविकिरण बशीतले पोहे बघत राहिला. 

आतलं दार उघडून पार्वतम्मा बाहेर आल्या.

"रवी, माझं जाऊ दे. उद्या ह्यांच्या घरात सुकन्याला घरी याया उशीर झाला, आन ह्यांनी तिच्यावर संशय घेतला, तवा बी तू पोह्याकडंच बघशील का?"

सुकन्याने वर पाहिलं. आजीकडे नाही, पाहुण्यांकडे नाही; बापाकडे.

रविकिरण उठला. "पाव्हणं, तीन दिस मी माझ्या आईच्या मागावर व्हतो. चोरावाणी. ती बायकांना पोहाया शिकवती. मला लाज वाटायली, पण तिची न्हाई."

"कळवतो," म्हणून चंद्रप्पा उठले. निरोप काही आला नाही. मंजुश्री दोन दिवस रडली, आणि घरात त्याची सल अजून आहे. पण पहाटे कडी वाजते आणि गल्लीत कुणी खवचटपणे विचारलंच, तर रविकिरण आता मान वर करून सांगतो.

वाचकहो, तुमच्या घरातलीही एखादी बाई पहाटे कडी काढून कुठेतरी निघाली असेल. तुम्ही तिला विचारलंत, की नुसतेच तिच्या मागावर गेलात?