होडीतला गालिचा

बंद पडलेल्या शाळेच्या वाचनालयातला करडा गालिचा. फुकट मिळालेला.

बटाटे उकळी आल्यापासून बावीस मिनिटं.

बागेतली जुनी रबरी नळी, उभी चिरलेली.

ऑक्टोबरात तळ्यात पडलेल्या माणसाचे हात दहा मिनिटं काम करतात. मग हात असतात, पण मूठ वळत नाही.

दाराशेजारच्या खिळ्यावर लोकरीची टोपी. दोन वर्षं कुणी घातलेली नाही, कुणी काढलेलीही नाही.

तौनोने चिरलेली नळी ॲल्युमिनियमच्या होडीच्या काठावर बसवली आणि तळहाताने दाबत दाबत टोकापर्यंत गेला. आइली धक्क्यावर कॉफीचा कप घेऊन उभी होती. त्याने वर पाहिलं नाही, म्हणून तिने कप फळीवर ठेवला. नवऱ्याचं हे काम आता तिसरा आठवडा चाललं होतं. आधी तळाला आणि आतल्या बाजूंना गालिचा चिकटवला. मग वल्ह्यांच्या कड्यांना चामडं गुंडाळलं. नांगर रबराच्या बादलीत ठेवला. आणि आता काठ.

शेजारचा हार्लन रोज संध्याकाळी येऊन बघून जायचा. आमच्या दिवाणखान्यातसुद्धा एवढा गालिचा नाही, म्हणाला, आता होडीत बूट काढून चढायचं का? हार्लनची जीभ काही थांबेना. खाली गालिचा ठीक आहे, मासे बुजतात, पण बाहेरून, पाण्याच्या वर रबर कशाला? तिथे ऐकायला कोणता मासा येणार?

आइलीने तेवढ्यात गार झालेली कॉफी पाण्यात ओतली.

तौनो आणि त्याचा धाकटा भाऊ उर्हो तीस वर्षं याच होडीतून मासे धरायचे. उर्होने लग्न केलं नव्हतं, जेवायला तो रोज यांच्याकडेच. परतताना होडी खडकाच्या टोकाला वळली, की उर्हो पाणी उपसायच्या डब्याने तिच्या कुशीवर तीन ठोके द्यायचा. ते ऐकले, की आइली बटाटे शिजायला टाकायची. मासा तळायला पाच मिनिटं लागतात, बटाट्यांनाच वेळ लागतो. ठोक्यांआधी तिने बटाटे कधी टाकले नाहीत. काही वेळा ते अंधार पडल्यावर यायचे, तरीही नाही.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, तौनो डोळे तपासायला शहरात गेला होता आणि उर्हो एकटाच तळ्यावर. चारच्या सुमाराला आवाज आला. तीन ठोके नव्हे, पुष्कळ. लागोपाठ, मग थांबून, मग पुन्हा. याला आज मोठं घबाड लागलंय, मिरवतोय मेला, असं म्हणत आइली हसली. खिडकी तिच्या पाठीशी होती. तिने पातेलं चुलीवर चढवलं. पाण्याला उकळी आली तेव्हा ठोके थांबले होते.

पोलिसांना तिने सांगितलं, रेडिओ चालू होता, काही ऐकू आलं नाही. तौनोलाही तेच सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर धक्क्यावर होडी नुसती आपटली, तरी आइलीच्या हातातली वस्तू हातातच राहायची. एकदा बशी राहिली नाही.

रविवारी वारा पडला. तौनोने तिला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहायला सांगितलं. तो खडकाच्या टोकापर्यंत जाऊन होडी ठोकणार होता. ऐकू आलं, तर तिने पांढरा पंचा कठड्यावर टाकायचा.

"मासे काय माझ्या स्वयंपाकघरात बसतात?" आइली म्हणाली.

"उभी तर राहा."

ती उभी राहिली. होडी लहान होत होत टोकाशी गेली आणि आडवी झाली. तौनोने डबा उचलला. त्याचा हात वर गेला, खाली आला. वर गेला, खाली आला. मग तो काठावरून बाहेर वाकला आणि होडीच्या बाहेरच्या अंगावर ठोकू लागला, आधी डब्याने, मग नुसत्या मुठीने, पाण्यातला माणूस ठोकेल तसा. काचेपलीकडे सगळं मुकं होतं. आइलीने खिडकी उघडली. एक पाणकोंबडी ओरडली, ती स्वच्छ ऐकू आली.

त्याचा हात अजून चालूच होता.

तिने पंचा टाकला नाही. तो मुठीभोवती गुंडाळून ती पायऱ्या उतरली आणि धक्क्याच्या टोकाशी जाऊन थांबली. होडी परत आली. धक्क्याला लागली, तेव्हा एखादी उशी लागावी तसं झालं.

"आलं ऐकू?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

तौनोने मान हलवली. दोन वर्षांपूर्वी हलवली होती तशीच. दोर खुंटीला अडकवून त्याने गाठ मारली. त्याच्या उजव्या हाताची बोटं सोलवटली होती.

"आणि तू पडलास तर?" आइलीने विचारलं.

त्याने आणखी एक गाठ मारली. पहिलीच पुरेशी होती.

"त्या दिवशीचं पातेलं मी घासलं होतं, आइली."

तिने हातातला पंचा सोडवला, पुन्हा गुंडाळला. तौनोने होडीतून डबा काढून तिच्याकडे दिला आणि तिच्या खांद्याचा आधार घेत धक्क्यावर चढला. तिने डबा उलटा करून पाहिला. त्याच्याही बुडाला गालिच्याचा एक गोल तुकडा चिकटवलेला होता.

त्या दिवशी पातेल्यात बटाटे तिघांचे होते, शिजून पार पीठ झालेले.